क्राफ्ट लागर पारखायची कशी? घाई कुठे झाली ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोब्रुअरीत ‘क्राफ्ट लागर’ म्हणून फिकट सोनेरी बिअर मिळते. ती चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? गव्हाची बिअर किंवा आयपीए वासावरूनच कळते, ही मात्र ‘नुसती बिअरसारखी’ लागते. कधी मक्याचा वास येतो, कधी लोण्याचा. हा दोष समजायचा की या बिअरचा स्वभावच तसा? आणि परीक्षक गुण देतात ते कशावरून?

सगळ्यात आधी एवढंच बघा, की ही बिअर पूर्ण होऊन ग्लासात आली आहे की अर्ध्यावरून उचलून आणली आहे. छोट्या ब्रुअरीतल्या लागरचे बहुतेक दोष घाईचे असतात, आणि त्यामागचं गणित सरळ आहे. गव्हाची बिअर दोन आठवड्यांत टॅपवर येते. नीट केलेली लागर टाकी पाच-सहा आठवडे अडवून बसते: ८ ते १२ अंशांवर आंबवणं, मग शून्य ते २ अंशांवर मुरवणं. टाक्या मोजक्या आणि शनिवार-रविवारची गर्दी ठरलेली असली की मुरवण्याचे आठवडे पहिले कापले जातात. वर या बिअरला लपायला जागा नाही. आयपीएमध्ये हॉप्सचा (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) भडिमार, स्टाउटमध्ये भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग बऱ्याच चुका झाकतात. फिकट लागरमध्ये जे आहे ते उघड्यावर.

दोष शोधण्याआधी समोरची लागर कुठल्या घराण्याची हे मात्र ठरवायला हवं. फळ्यावर नुसतं ‘क्राफ्ट लागर’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. बोहेमियातल्या प्लझेन गावात १८४२ साली बव्हेरियाहून आलेल्या योसेफ ग्रोल या ब्रुअरने तिथलं अतिशय मृदू पाणी, फिकट माल्ट आणि साझ हॉप्स वापरून जी बिअर केली, तिच्यापासून चेक घराणं चालतं. रंग सोनेरी, अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा) भरलेलं, शेवट किंचित गोडसर, आणि त्या गोडव्याला पेलणारा ३० ते ४५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) कडवटपणा. जर्मन पिल्स तिच्यापेक्षा सडपातळ आणि कोरडी: २२ ते ४० आयबीयू, रंग आणखी फिकट, कडवटपणा पुढे. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये बाजारात आणलेली हेलेस माल्टकडे झुकते, १६ ते २२ आयबीयू; कडवटपणा आधारापुरता. आपल्याकडे बाटलीत मिळणारी रोजची लागर या तिघींहून वेगळी असते. तिच्यात बहुधा तांदूळ किंवा साखर असते, कडवटपणा बेताचा असतो आणि ती बर्फगार प्यायची म्हणूनच बनवलेली असते. ब्रुअरीतल्या हेलेसला तिच्या मापाने मोजलं तर ‘जड’ वाटेल आणि पिल्सला मोजलं तर ‘कडू’. दोन्ही तक्रारी चुकीच्या.

घराणं ठरवण्याचा व्यावहारिक फायदा असा, की एकच खूण एकीकडे दोष असते आणि दुसरीकडे माफ. लोण्याची अगदी हलकी झाक चेक लागरमध्ये खपवून घेतात. जर्मन पिल्समध्ये किंवा हेलेसमध्ये तिचे गुण कापले जातात. म्हणून वेटरला नव्हे, जमल्यास ब्रुअरला तीन गोष्टी विचारा: कुठल्या प्रकाराची लागर आहे, सुरुवातीची घनता आणि अल्कोहोल किती, आणि ब्रू केल्याला किती दिवस झाले.

घनता आणि अल्कोहोल कळलं की एक छोटं गणित तोंडी होतं. अल्कोहोलच्या टक्क्यांना १३१ ने भागलं की बिअरची घनता किती उतरली ते कळतं. समजा ओजी, म्हणजे सुरुवातीची घनता, १.०४८ आणि अल्कोहोल ५ टक्के. ५ भागिले १३१ म्हणजे सुमारे ०.०३८, म्हणजे एफजी (शेवटची घनता) १.०१०. पिल्सला, हेलेसला हे शोभतं. तीच १.०४८ आणि फळ्यावर ४.२ टक्के असेल, तर एफजी १.०१६ च्या आसपास. चेक लागर असेल तर ठीक. पण तिला पिल्स म्हणत असतील तर साखर शिल्लक राहिली आहे. पहिला घोट बरा वाटेल आणि अर्ध्या ग्लासानंतर चिकटपणा जाणवायला लागेल. कारणं साधारण तीन: यीस्ट कमी पडलं, मॅशचं (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या माल्टचं) तापमान वर गेलं, किंवा आंबवण पुरी व्हायच्या आत टाकी थंड केली.

दिवसांच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून जाऊ नका. जर्मनीतल्या वाइहेनश्टेफानकडून आलेलं ३४/७० हे लागर यीस्ट थोड्या जास्त तापमानावरही बऱ्यापैकी स्वच्छ काम करतं, आणि काही जण दाबाखाली आंबवून वेळ वाचवतात. तीन आठवड्यांची लागर चांगली निघू शकते आणि सहा आठवड्यांची वाईट. आकडा हा संशय कुठे घ्यायचा एवढंच सांगतो, निकाल ग्लासात लागतो.

आता ग्लास. गोठवलेला मग आला तर साधा ग्लास मागा. बर्फाच्या थरामुळे फेस बेसुमार येतो, बिअर पातळ होते आणि २ अंशांवर नाकाला काही कळतही नाही. पारखायला सुरुवात ६-७ अंशांवर करावी आणि शेवटचे घोट १० ते १२ अंशांवर घ्यावेत. तेवढा वेळ द्यायचाच, कारण थंडीने झाकलेले दोष तिथे वर येतात. थर्मामीटर नसेल तर ग्लास तळव्यांत धरून चार-पाच मिनिटं थांबा.

ग्लास स्वच्छ आहे का हेही बघा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर तिथे तेल, साबण किंवा पुसायच्या फडक्याचे धागे आहेत. नीट धुतलेल्या ग्लासात बुडबुडे तळापासून सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर उरतं. कळकट ग्लासातल्या बिअरला फेसाचे गुण देता येत नाहीत, चवीचेही पुरते नाहीत. दुसरा ग्लास मागायचा.

टेबलावरचा मसाला पापड आणि पेरी-पेरी काहीतरी तासभर लांब ठेवा. मिरचीने पोळलेल्या जिभेला कार्बन डायऑक्साइडचा चावा तिखटासारखा लागतो आणि कडवटपणाचा अंदाज पार चुकतो. पान, तंबाखू, अत्तर, शेजारी धुपणारी उदबत्ती हे सगळं त्याच यादीत. सोबत साधा पाव आणि पाणी पुरतं.

बिअर ग्लासात पडली की आधी वास, मग रूप. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गंधकाचे वास पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात. ग्लास एक-तृतीयांश भरा. नाकाखालून नुसता फिरवत दोन छोटे हुंगे घ्या. मग ग्लास गोल फिरवून, वर तळवा ठेवून, हात काढताच एक खोल श्वास. जे सुचेल ते लगेच लिहा. शेजाऱ्याला विचारून लिहिलेल्या वासाला किंमत नाही. चांगल्या लागरमध्ये माल्टचा वास पावाच्या आतल्या गरासारखा, खारी बिस्किटासारखा किंवा ताज्या लाह्यांसारखा येतो. हेलेसमध्ये त्याला किंचित गोडसर धान्याची जोड असते. साझ, हालरटाऊ, टेटनांग यांसारख्या जुन्या युरोपीय हॉप्सचा वास फुलांचा, ओल्या गवताचा, थोडा मिऱ्यासारखा. आंबा, संत्रं, अननस असं ठळक आलं तर नव्या अमेरिकी किंवा न्यूझीलंडच्या हॉप्स वापरल्या आहेत. तो दोष नाही, पण मग ब्रुअरने तिला जर्मन पिल्स म्हणू नये.

काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा हलका भपका लागर यीस्टकडून येतोच आणि मिनिटभरात गेला तर सोडून द्या. कुजक्या अंड्याचा वास ग्लास अर्धा होईपर्यंत टिकला तर मात्र बिअर मुरलेली नाही.

रूपावर जास्त वेळ घालवू नका. परीक्षकांच्या पत्रिकेत पन्नासातले तीनच गुण त्याला असतात. रंग पांढऱ्या कागदावर धरून बघा, बारच्या पिवळ्या दिव्यात सगळ्याच बिअर सोनेरी दिसतात. फेस पांढरा, बारीक कणांचा, तीन-चार मिनिटं तग धरणारा हवा. गढूळपणाचा निवाडा मात्र शिकण्यासारखा आहे. ब्रुअरी ‘अनफिल्टर्ड’ किंवा ‘केलर’ म्हणत असेल तर हलकं धुकं चालतं. नसेल म्हणत तर ग्लास तळव्यात गरम करा. १५-२० अंशांला बिअर नितळ झाली तर ते थंडीने गोळा झालेलं प्रथिन आणि टॅनिन होतं. डोळ्यांना खुपतं, चवीला फारसं बाधत नाही. नितळ झाली नाही तर यीस्ट तरंगतंय, स्टार्च उरलाय किंवा जंतुसंसर्ग आहे. यीस्ट असेल तर घोटाच्या शेवटी जिभेवर पिठूळ, किंचित मांसल चव राहते. संसर्ग असेल तर आंबटपणा सोबत येतो.

घोट बेताचा मोठा घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकून चालत नाही, कडवटपणाचा खरा पल्ला गिळल्यावरच कळतो. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकातून श्वास सोडा. वासाचे निम्मे तपशील तिथे सापडतात. चांगल्या पिल्सचा कडवटपणा गिळल्यानंतर चढतो, स्वच्छ राहतो, पंधरा-वीस सेकंदांत ओसरतो आणि हात पुन्हा ग्लासाकडे जातो. जो कडवटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आतून कोरडा खरखरीत होऊन बसतो तो कडवटपणा नाहीच, तो तुरटपणा आहे. कच्ची सुपारी किंवा जास्त उकळलेला चहा आठवा. त्याचं मूळ बहुतेक वेळा माल्टच्या सालीत असतं: मॅशमधली साखर धुऊन काढायचं पाणी ७७ अंशांच्या वर गेलं, किंवा शेवटी निघणाऱ्या त्या पाण्याचा सामू (पीएच) ६ च्या वर चढला, की सालीतलं टॅनिन उतरतं. बोअरवेलचं जड, बायकार्बोनेटने भरलेलं पाणी तसंच वापरलं तर हे हमखास होतं. आरओ पाण्यात कॅल्शियमचे क्षार मोजून घातले आणि मॅशचा सामू ५.२ ते ५.४ धरला तर होत नाही.

वायूचा चावा आणि आंबटपणा यांची गल्लतही नेहमीची. शंका आली तर थोडी बिअर दुसऱ्या ग्लासात पाच-सहा वेळा उलटसुलट ओतून वायू घालवा आणि मग चाखा. चावा गेला आणि आंबट राहिलं तर ते खरंच आंबट आहे.

आता मका आणि लोणी, म्हणजे मूळ प्रश्न.

उकडलेल्या मक्याचा, कधी शिजणाऱ्या कोबीचा वास येतो तो डायमिथाइल सल्फाइडचा. सगळे त्याला डीएमएस म्हणतात. पिल्सनर माल्ट फिकट राहावा म्हणून भट्टीत कमी तापमानावर वाळवतात. त्यामुळे एस-मिथाइल मेथिओनीन हा पदार्थ त्यात भरपूर उरतो, आणि वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळताना त्याचं डीएमएस होऊन वाफेबरोबर उडून जातं. उकळत्या तापमानाला तो पदार्थ साधारण ४० मिनिटांत निम्मा होतो. म्हणजे ६० मिनिटांच्या उकळीनंतर एक-तृतीयांशाहून थोडा जास्त शिल्लक, ९० मिनिटांनंतर जेमतेम पाचवा हिस्सा. लागरला ९० मिनिटं उकळायचा आग्रह म्हणून. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे वेळेत काटकसर करायला मुंबईपेक्षाही कमी वाव. केटलचं झाकण लावून उकळलं तर वाफ परत खाली गळते, डीएमएससकट.

बरेच जण इथपर्यंतचं पाळतात आणि पुढे फसतात. उकळ बंद केल्यावरही वर्ट ८०-८५ अंशांच्या वर असेपर्यंत डीएमएस बनत राहतं, पण आता उडवायला वाफ नसते. व्हर्लपूल (गाळ मध्यभागी जमावा म्हणून वर्ट गरगर फिरवणं) अर्धा तास लांबला, वर उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असल्याने प्लेट चिलरने वर्ट थंड करायला तास-दीड तास घेतला, की उरलेला सगळा मका टाकीत जातो. अगदी पुसट मका जर्मन लागरमध्ये माल्टच्या सोबतीने येतो आणि चालतो. पहिल्याच हुंग्यात ‘कणीस’ असं मनात आलं तर तो दोष.

लोणी, बटर पॉपकॉर्न, बटरस्कॉच म्हणजे डायअ‍ॅसिटिल. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास आलं की फिकट लागरमध्ये बहुतेकांना कळतं. आपल्याकडे ते पकडणं जरा अवघड जातं, कारण ताकावरच्या ताज्या लोण्याचा वास मुख्यतः याच पदार्थाचा असतो आणि तो आपल्याला आवडतो. ‘छान मलईदार आहे’ असा शेरा अनेकदा याच दोषाला मिळतो. काही लोकांना डायअ‍ॅसिटिल जवळजवळ कळतच नाही. त्यांनी जिभेवर लक्ष ठेवावं: तेलकट, निसरडा पापुद्रा राहिल्यासारखं वाटतं. स्वतःचं नाक या बाबतीत कसं आहे हे प्रत्येक परीक्षकाने एकदा तपासून घ्यावंच.

हे येतं कसं? यीस्ट वाढताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर टाकतं. ते बिअरमध्ये आपोआप, संथपणे डायअ‍ॅसिटिल होतं आणि तेच यीस्ट शेवटी डायअ‍ॅसिटिल परत शोषून बिनवासाचं करून टाकतं. १० अंशांवर हे सगळं फार रेंगाळतं. म्हणून घनता शेवटच्या आकड्याच्या चार-पाच अंक वर असताना टाकी १५ ते १८ अंशांवर नेतात आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवतात. हा मुक्काम गाळला, किंवा यीस्टचं काम संपायच्या आत टाकी गारठवली, तर लोणी राहतं. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी टाकी रिकामी करताना वास येतच नाही. मूळ पदार्थ मात्र शिल्लक असतो, आणि आठवडाभराने केगमध्ये त्याचं डायअ‍ॅसिटिल होतं. ‘मागच्या आठवड्यात मस्त होती, आता काय झालं?’ याचं हे एक उत्तर.

ब्रुअरला यावर स्वस्त उपाय आहे. टाकीतून दोन छोटे नमुने झाकणाच्या बाटल्यांत घ्यायचे. एक ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी आलं आणि दुसऱ्यात नाही, तर टाकी थंड करायची वेळ झालेली नाही. कुठलंही यंत्र लागत नाही, तरी ही चाचणी टाळली जाते. का, ते कळत नाही.

घाईची तिसरी खूण अ‍ॅसिटाल्डिहाइड: हिरवं सफरचंद, नुकताच चिरलेला कच्चा भोपळा. साखरेपासून अल्कोहोल होण्याच्या वाटेवरचा हा शेवटचा थांबा; यीस्टला पुढे जायला वेळ मिळाला नाही की तो उरतो. यीस्ट कमी घातलं तर हा आणि डायअ‍ॅसिटिल दोन्ही बळावतात. लागरला दर प्लेटो अंशाला (वर्टमधल्या साखरेचं माप), दर मिलिलिटरमागे १५ लाख पेशी असा जुना ठोकताळा आहे, एलच्या (उबेत आंबवलेल्या बिअरच्या) जवळपास दुप्पट. कोरडं यीस्ट वापरलं तर हजार लिटरला ८०० ग्रॅम ते १.२ किलो. पाकिटं महाग असल्यामुळे हात आखडतो आणि परिणाम ग्लासात दिसतो. लोणी, सफरचंद आणि गंधक तिन्ही एकत्र भेटले तर फार चिकित्सा करू नका. बिअर कोवळी आहे, बस्स.

बाकीचे दोष भराभर. केळं किंवा लवंग आली तर बहुधा गव्हाच्या बिअरचं यीस्ट पाइप, गॅस्केट, टाकीच्या झडपेतून लागरमध्ये शिरलंय. नुसतंच केळं असेल तर आंबवण गरम झाली असंही असू शकतं. डेटॉल, दवाखाना, बँडेज हा वास क्लोरोफिनॉलचा. नळाच्या पाण्यातलं किंवा साफसफाईच्या द्रावणातलं क्लोरीन बिअरच्या फिनॉलशी जुळलं की तो येतो, आणि तो इतका तीव्र असतो की लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. कार्बन फिल्टर बदलायची वेळ झाली आहे. जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास शिळ्या हॉप्सचा. ओला पुठ्ठा आणि जुन्या वह्या म्हणजे ऑक्सिजन लागून म्हातारी झालेली बिअर. ग्राउलरमध्ये (बिअर घरी न्यायच्या मोठ्या बाटलीत) भरून दोन दिवस ठेवलेल्या लागरमध्ये तो लवकर येतो, गाडीच्या डिकीत ठेवली तर आणखी लवकर. जळकं रबर आणि शिळी कॉफी यांच्यामधला उग्र दर्प आला आणि तुम्ही उन्हातल्या टेबलावर बसला असाल, तर ब्रुअरला दोष देऊ नका. हॉप्समधले कडू पदार्थ उजेडाने तुटून तो तयार होतो, आणि कडक उन्हात भरलेल्या ग्लासाला काही मिनिटंच पुरतात. लोखंडाची शंका आली तर थोडी बिअर मनगटावर चोळून हुंगा, नाण्यासारखा वास लगेच कळतो.

एक फरक करायलाच हवा: दोष टाकीतला की टॅपपर्यंतच्या नळीतला? नळी दर चौदा दिवसांनी कॉस्टिक सोड्याने धुवायची असते. ते राहिलं की पेडिओकोकस, लॅक्टोबॅसिलस हे जंतू तिथे घर करतात आणि लोण्याचा वास आंबटपणा घेऊन येतो. तोटीला हवा लागत असल्याने व्हिनेगरही येतं. कोवळ्या बिअरमधलं लोणी आंबटपणा घेऊन येत नाही. खात्री करायची तर ब्रुअरला टाकीच्या नमुना-नळातून थोडीशी मागा आणि टॅपची शेजारी ठेवा. ते जमत नसेल तर दुपारी उघडल्या-उघडल्याची पहिली बिअर आणि गर्दीच्या वेळेची बिअर यांची तुलना करा. नळीचा दोष रात्रभर साचलेल्या पहिल्या ग्लासात सगळ्यात जास्त असतो, टाकीचा दोष दोन्हींत सारखा.

गुण देताना स्पर्धांमध्ये सर्रास बीजेसीपीची (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) पन्नास गुणांची पत्रिका वापरतात: वास १२, रूप ३, चव २०, अंग ५, एकूण परिणाम १०. ४५ आणि त्यावर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली, त्याखाली दोषांचं राज्य. अगदी बिघडलेल्या बिअरलाही १३ च्या खाली जायची पद्धत नाही. एका टेबलावरच्या परीक्षकांचे आकडे सातच्या आत यावेत अशी अपेक्षा असते. न आल्यास बोलून जवळ आणतात, पण आधी प्रत्येकाने आपलं लिहून झाल्यावरच.

एक नमुना घेऊ. जर्मन पिल्स म्हणून आलेली, ४.८ टक्के. वासात पावाचा गर, पुसट फुलं, आणि दुसऱ्या हुंग्याला स्पष्ट लोणी: ६. रूप नितळ, फेस टिकाऊ: ३. चवीत माल्ट स्वच्छ, कडवटपणा योग्य चढतो, पण शेवटी लोणी आणि निसरडेपणा त्याला बोथट करतात: ११. वायू आणि अंग नीट, पापुद्रा सोडला तर: ४. एकूण परिणाम: ५. बेरीज २९. हीच बिअर चेक म्हणून आली असती आणि लोणी याहून पुसट असतं, तर तिशी ओलांडली असती. शेऱ्यात ‘डायअ‍ॅसिटिल मध्यम, चवीच्या शेवटी जास्त, उबदार मुक्काम किती दिवसांचा होता ते तपासा’ असं लिहायचं. ‘मुक्काम दिला नाही’ असं ठामपणे लिहायचं नाही. ग्लासातून परिणाम दिसतो, ब्रुअरने काय केलं ते नाही; त्याने मुक्काम दिलाही असेल आणि नळीच घाण असेल.

जीभ तयार करायची तर घरी एक साधी पातळ लागर घेऊन तिच्यात दोष मुद्दाम घाला. डबाबंद मक्यातलं पाणी ग्लासात चमचाभर घातलं की डीएमएसचा बरा अंदाज येतो. बटर इसेन्स टोकाने बुडवलेल्या काडीइतकंच, त्याहून जास्त नको. तुरटपणासाठी खूप वेळ भिजवलेला कोरा चहा दोन चमचे. पुठ्ठ्याच्या वासासाठी एकाच बॅचच्या दोन बाटल्या, एक फ्रिजमध्ये आणि एक एप्रिल-मेमध्ये महिनाभर माळ्यावर. मग दोन्ही सारख्या थंड करून शेजारी-शेजारी. अ‍ॅसिटाल्डिहाइड घरी नीट जमत नाही, त्याचा नाद सोडा.

हे एकट्याने चाखण्यापेक्षा तिघांतला वेगळा ओळखण्याच्या चाचणीत चाखा. प्रत्येकाला तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, क्रम दर वेळी बदलून, आणि रंगाने फरक कळू नये म्हणून दिवा मंद. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून नऊ जणांत किमान सहांनी अचूक ओळखला तरच फरक खरा धरायचा. एका बैठकीत आठ-दहा छोट्या नमुन्यांच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर सगळ्याच लागर चांगल्या लागतात.